व्हर्बेना माना टाकते तेव्हा: मुंबईच्या बाल्कनीतले रोग ओळखायचे कसे, टाळायचे कसे

मुलुंडला राहायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी व्हर्बेना या फुलझाडाच्या सहा कुंड्या आणल्या आणि सहाही स्वतःच्या हातानं मारल्या. संध्याकाळी ऑफिसातून घरी यायचं, माना टाकलेली रोपं बघायची, ‘बिचारी दिवसभर उन्हात तापली’ म्हणत प्रत्येकीला तांब्याभर पाणी घालायचं. सकाळी उठून बघावं तर माना तशाच. की परत तांब्याभर. पाचव्या दिवशी एक रोप सरळ करायला गेले तर ते अलगद हातात आलं. खाली मुळं म्हणून जे काही होतं ते भिजलेल्या सुतळीसारखं होतं आणि त्याला नाल्यासारखा वास येत होता. शेजारच्या काकू डोकावल्या, बोट मातीत खुपसून बघितलं आणि म्हणाल्या, “अगं, ही तहानेनं नाही गेली. बुडून गेली.”

तेव्हापासून माझा एक नियम आहे. रोप आजारी दिसलं की निदान होईपर्यंत त्याला पाणी नाही, खत नाही, औषधही नाही. आधी माती, मग पानाची खालची बाजू, मग मुळं बघायची. व्हर्बेनाचे बहुतेक आजार या तीन ठिकाणी सापडतात. वरून बघून जे वाटतं ते निम्म्या वेळा चुकीचं निघतं.

मुंबईत ही पाहुणीच

निदानाकडे वळण्याआधी एक गोष्ट मान्य करून टाकू. कुंडीत गुलाबी, जांभळ्या, लाल गुच्छांनी आडवी पसरणारी जी व्हर्बेना आपण आणतो, ती मुंबईत हिवाळ्यापुरती असते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात बी पेरायचं किंवा नोव्हेंबर-डिसेंबरात नर्सरीतून रोप आणायचं, मार्चपर्यंत फुलं बघायची. आपल्याकडे जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो कुंडीतल्या व्हर्बेनाला झेपत नाही. “पावसाळ्यात माझी व्हर्बेना का कुजली?” असं कोणी विचारलं की मला उत्तर द्यायला जड जातं, कारण त्यात त्यांची काहीच चूक नसते.

हिवाळा म्हटला तरी तो मुंबईचा. जानेवारीत सांताक्रूझला पहाटेचं सरासरी तापमान १७ अंशांच्या आसपास आणि दुपारी तिशीच्या वर. पहाटे हवेत दमटपणा, दुपारी कडक ऊन. दिवस-रात्रीची ही तफावत आपल्याला गुलाबी थंडी वाटते, पण भुरी या पानांवर पांढरी पूड धरणाऱ्या बुरशीलाही नेमकी हीच हवा मानवते. त्यात बाल्कनीला बॉक्स ग्रिल, ग्रिलमध्ये एकाला एक चिकटलेल्या बारा कुंड्या, समोर तीस मजली टॉवर आणि ऊन जेमतेम तीन तास. व्हर्बेनाला सहा तास ऊन लागतं. चार तासांच्या खाली गेलात तर रोगाशी झगडण्यात हिवाळा संपेल. तशा ग्रिलसाठी दुसरं काही निवडलेलं बरं.

आधी तीन तपासण्या

पहिली, बोटाची. मधलं बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. माती कोरडी आणि रोप मलूल असेल तर ती तहान. पाणी द्या, दोन तासांत उभं राहील. माती ओली आणि तरी रोप मलूल असेल तर मुळं बिघडलीत. अशा वेळी पाणी म्हणजे विष. एक अपवाद आहे: दुपारी दोन वाजता कडक उन्हात चांगलं रोपही थोडं मान टाकतं आणि ऊन कललं की सावरतं. म्हणून निदान नेहमी सकाळी करा. रात्रभर विश्रांती घेऊनही सकाळी सातला माना खालीच असतील तर ते खरं दुखणं.

दुसरी, कागदाची. पांढरा कोरा कागद फांदीखाली धरा आणि फांदीवर दोन टिचक्या मारा. कागदावर पडलेले ठिपके अर्धा मिनिट बघत राहा. धूळ असेल तर पडून राहील. ठिपके चालू लागले तर कीड आहे. त्या ठिपक्यावर बोट ओढल्यावर तांबूस रेघ उमटली तर लाल कोळी समजा. लांबट, पिवळट, टुणकन सरकणारे असतील तर फुलकिडे.

तिसरी, मुळांची. ही लोक करत नाहीत, कारण रोप उपटायची भीती वाटते. उपटायचं नाहीच. कुंडी आडवी करा, कडेला दोन थापा मारा, तळहात मातीवर ठेवून सबंध गोळा बाहेर सरकवा. निरोगी मुळं पांढरी किंवा फिकट पिवळी, ताठ असतात. एखादं तपकिरी मूळ चिमटीत धरून हलकेच ओढा. वरची साल मोज्यासारखी सुटून आली आणि आत केसाएवढा दोरा उरला तर मूळकूज झाली, शंका नको. बघून झालं की गोळा परत सरकवा, रोपाला कळतही नाही.

भुरी

मुंबईत व्हर्बेनाचा सगळ्यात नेहमीचा आजार हाच. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, रोप पहिल्या बहरात असताना, खालच्या सावलीतल्या पानांवर पिठाची चिमूट सांडल्यासारखे गोल डाग दिसतात. सुरुवातीला इतके पुसट की पान तिरकं धरून उजेडात बघावं लागतं. आठवडाभरात ते डाग एकमेकांना भिडतात, पान पिवळं पडतं, कडेनं वळतं आणि फांद्यांचे शेंडे आखडतात. रोप सहसा मरत नाही, पण फुलं निम्म्यावर येतात आणि ते कळकट दिसायला लागतं.

पांढरं दिसलं की भुरीच असं मात्र नाही. बोटानं पुसून बघा. भुरी पुसली जाते आणि खाली पान जरा पिवळट दिसतं. पाण्यातल्या क्षारांचे पांढरे डाग कोरड्या बोटानं निघत नाहीत, ओल्या फडक्यानं निघतात. महापालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा या तलावांचं, तसं मऊ. त्याचे डाग फारसे पडत नाहीत. पण सोसायटीत टँकर किंवा बोअरिंगचं पाणी येत असेल तर हा घोळ हमखास होतो. माझ्या ओळखीत एकीनं क्षारांच्या डागांवर महिनाभर बुरशीनाशक मारलंय. समोरच्या इमारतीचं काम चालू असेल तर सिमेंटची भुकटीही अशीच दिसते.

भुरीचं वागणं बाकीच्या बुरशींपेक्षा वेगळं आहे, ते समजलं तर अर्धं काम होतं. बहुतेक बुरशींना रुजायला पानावर पाण्याचा थर लागतो. भुरीला लागत नाही, तिला हवेतला दमटपणा पुरतो. त्यामुळे ‘मी पानांवर पाणी पडूच देत नाही, तरी भुरी कशी आली?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा दाटीत असतं. कुंड्यांमध्ये वारा खेळत नाही, ऊन खालपर्यंत पोचत नाही, आणि नत्राचं खत जास्त झाल्यानं पानं लुसलुशीत झालेली असतात. बुरशीला आयतीच मेजवानी.

करायचं काय, ते क्रमानं सांगते.

पहिल्या दिवशी डाग पडलेली पानं कात्रीनं काढा. हातानं ओढू नका, झटक्यानं बुरशीचे बीजाणू उडतात. पानं थेट पिशवीत टाका, पिशवीला गाठ मारा. सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यात ती घालू नका. मग रोपाच्या पोटातल्या, एकमेकींवर चढलेल्या चार-पाच फांद्या विरळ करा. इथं हात आखडू नये. व्हर्बेना छाटल्यानं रागावत नाही, पंधरा दिवसांत नवे शेंडे धरते. कुंड्यांमध्ये निदान एक वीत अंतर ठेवा. आपल्या ग्रिलमध्ये जागा नसते हे मलाही माहीत आहे. दोन कुंड्या मैत्रिणीला देऊन टाका.

दुसऱ्या दिवशी फवारणी. सुरुवातीचे डाग असतील तर दूध चालतं. एक भाग दूध, नऊ भाग पाणी. ही आजीबाईची गोष्ट नव्हे. ब्राझीलमधल्या बेत्तिओल या संशोधकानं १९९९ साली काकडीवर्गातल्या झुकिनीवर गाईच्या दुधाचा भुरीसाठी प्रयोग करून तो छापला होता, आणि दहा टक्क्यांच्या आसपासचं दूध आठवड्यातून एकदा फवारून चांगला गुण आल्याचं दाखवलं होतं. मी सकाळी फवारते म्हणजे दुपारपर्यंत पानं वाळतात. साय काढलेलं दूध घ्या, नाहीतर फवाऱ्याचं तोंड बुजतं आणि बाल्कनीला वास येतो. दुधाऐवजी खाण्याचा सोडा लिटरला एक सपाट चमचा आणि भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब, हेही लोक वापरतात. पण सोडा दर आठवड्याला ओतत राहिलं तर सोडियम मातीत साचतं. दोन-तीन फवारण्यांच्या वर जाऊ नका.

निम्मं रोप पांढरं झालं असेल तर पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम. स्वस्त, जुनं आणि भरवशाचं. मात्र दुपारी ३२ अंशांच्या वर जाणार असेल त्या दिवशी ते मारू नये, पानं भाजतात. मुंबईत याचा अर्थ असा की गंधक डिसेंबर-जानेवारीत पहाटे मारायचं आणि फेब्रुवारीत पारा चढू लागला की बंद करायचं. निमतेल मारलं असेल तर गंधकाच्या आधी किमान दोन आठवडे जाऊ द्या, दोन्ही मिळून पानं जळतात. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस थांबायची सवय लावा.

मूळकूज आणि रोपांची मर

माझ्या सहा कुंड्या हिनंच नेल्या. मातीत पाणी साचून राहिलं की मुळांना हवा मिळत नाही, आणि गुदमरलेल्या मुळांवर मातीतल्या बुरशी चढतात. लक्षणं चोरपावलानं येतात. आधी खालची पानं पिवळी, मग वाढ थांबते, मग एक दिवस सगळं रोप एकदम मान टाकतं. बुंध्याशी बघितलं तर साल काळपट, दाबल्यावर मऊ.

आपल्याकडे याचं मोठं कारण कुंडीखालची ताटली. खालच्या मजल्यावर गळू नये म्हणून प्रत्येक जण ताटली ठेवतो, कारण गळलं तर खालचे काका वर येतात. ती ताटली कायम भरलेली असते. रोपाचं सोडा, डेंग्यूचा डास त्याच पाण्यात अंडी घालतो, आणि पावसाळ्यात महापालिकेची माणसं तपासायला येतात तेव्हा पहिली नजर तिथंच जाते. ताटली ठेवायचीच असेल तर तिच्यात विटांचे तुकडे मांडा, कुंडी त्यावर टेकवा आणि पाणी घातल्यावर अर्ध्या तासानं ताटली ओता.

रोग धरल्यावर वाचवता येतं का? वेळेवर कळलं तर. गोळा बाहेर काढा, ओली माती हलकेच झटका, तपकिरी मऊ मुळं स्वच्छ कात्रीनं उडवा. जेवढी मुळं गेली तेवढ्या प्रमाणात वरच्या फांद्याही कमी करा. अर्ध्या मुळांवर सगळा पसारा तरत नाही. नव्या कोरड्या मिश्रणात लावून तीन-चार दिवस उजेडाच्या सावलीत ठेवा, पाणी अगदी बेताचं. निम्म्याहून जास्त मुळं गेली असतील तर खटपट करू नका. शेंड्याकडची चांगली फांदी चार इंच कापून ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) रोवा. तिला बुंध्याची कूज लागलेली नसेल तर बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत मुळं फुटतात. हे मी खूप उशिरा शिकले.

ट्रायकोडर्माबद्दल एक गैरसमज आहे. लोक कूज झाल्यावर ती पावडर ओततात. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी आहे. ती आधी जाऊन जागा अडवते, मेलेलं मूळ जिवंत करत नाही. रोप लावतानाच दहा ग्रॅम पावडर दोन मुठी ओलसर शेणखतात कालवून मिश्रणात घाला. त्यावर पुन्हा रासायनिक बुरशीनाशक ओतलंत तर तीही मरते, मग दोन्हींचे पैसे गेले.

बियाण्यापासून रोपं करणाऱ्यांना हाच त्रास ‘मर’ म्हणून भेटतो. दोन पानांची रोपं मातीलगत बारीक होऊन आडवी पडतात, दोरा बांधून आवळल्यासारखी. व्हर्बेनाचं बी मुळात हट्टी, उगवायला दोन-तीन आठवडे घेतं. तोवर धीर सुटून लोक रोज पाणी शिंपडत राहतात. जास्त ओल्या मातीत हे बी उगवतच नाही आणि जे उगवतं ते मरतं. पेरण्याआधी कोकोपीट भिजवून मुठीत पिळा. पाण्याचा थेंब पडायला नको, पण मुठीचा आकार राहायला हवा. मग बी पेरून पातळ थर द्या आणि वर काळा कागद झाका, कारण या बियाला अंधार आवडतो. पहिला कोंब दिसला की कागद काढा. मधल्या काळात पाणी लागलंच तर ट्रे खालून भिजवा.

राखाडी बुरशी आणि पानांवरचे ठिपके

एरवी हे दोन्ही मुंबईत फार नाहीत. पण डिसेंबरात अवकाळी पाऊस पडला की बघायला मिळतात. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळानं पाऊस आणला तेव्हा माझ्या फुलांचे गुच्छ चार दिवसांत तपकिरी, चिकट झाले होते आणि त्यांवर उंदराच्या रंगाची लव आली होती. ही बुरशी सुकत आलेल्या पाकळ्यांवर आधी बसते आणि तिथून चांगल्या पानांवर उतरते. म्हणून कोमेजलेला गुच्छ दिसला की देठासकट खुडायचा, रोज. एवढंच तिचं औषध. अवकाळीचा अंदाज आला की कुंड्या आत घ्या.

पानांवर गोल तपकिरी ठिपके, कडेला पिवळं वलय असेल तर ती पानं काढा आणि वरून पाणी घालणं बंद करा. ठिपके पसरलेच तर विचार करू, बहुतेक वेळा तिथंच थांबतात.

कीड, आणि किडीच्या पाठीवरून येणारे रोग

लाल कोळ्याबद्दल बोलायलाच हवं, कारण फेब्रुवारीनंतर व्हर्बेनाला संपवणारा तोच. बाल्कनीतली एसीची बाहेरची पेटी जिथं गरम हवा फेकते तिथली कुंडी आधी पकडते. शिवाय बांधकामाच्या धुळीनं पानं माखली की कोळी आणखी फोफावतो. पानावर सुईनं टोचल्यासारखे बारीक फिकट ठिपके येतात, लांबून पान राखेसारखं निस्तेज दिसतं. खालची बाजू भिंगातून बघा, मोबाइलचा कॅमेरा मोठा करूनही दिसतं: केसाहून बारीक जाळं आणि त्यात फिरणारे तांबडे कण. जाळं उघड्या डोळ्यांना दिसायला लागलं म्हणजे उशीर झाला.

उपाय साधा आहे, पण चिकाटीचा. कुंडी मोरीत न्या, माती प्लास्टिकनं झाका आणि पानांची खालची बाजू पाण्याच्या झोतानं धुवा. सकाळीच, म्हणजे ती वाळतील. असं तीन दिवसांआड तीनदा. नंतर निमतेल लिटरला पाच मिलि, साबणाचे थेंब घालून, पानाच्या खालच्या बाजूला. वरून फवारून काही होत नाही. कोळी हा कीटक नाही, आठ पायांचा कोळीच आहे, म्हणून साधं कीटकनाशक त्याला लागू पडत नाही. उलट कोळ्याला खाणारे किडे त्यात मरतात आणि कोळी दुप्पट होतो.

मावा कोवळ्या शेंड्यांवर थवा करून बसतो, पानं चिकट होतात, त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते आणि मुंग्या येरझाऱ्या घालू लागतात. मुंग्यांची रांग कुंडीवर चढताना दिसली की शेंडे उलटून बघाच. थोडा असेल तर बोटांनी चिरडा, पाण्यानं धुवा. पांढऱ्या माशीसाठी पिवळा चिकट सापळा. पिठ्या ढेकूण बहुधा शेजारच्या जास्वंदीवरून येतो. कान साफ करायच्या काडीला स्पिरिट लावून एकेक पुसा आणि जास्वंद दुसऱ्या टोकाला हलवा. पानावर नागमोडी पांढरी रेघ म्हणजे नागअळी, ते पान काढलं की काम झालं.

फुलकिड्यांची गोष्ट वेगळी. ते फुलात लपतात, पाकळ्यांवर चंदेरी ओरखडे उठतात. तेवढंच असतं तर मी दुर्लक्ष करा म्हटलं असतं. पण ते विषाणू वाहून आणतात, आणि व्हर्बेना अशा विषाणूंना बळी पडणारी आहे. नवी पानं हिरव्या-पिवळ्या गोधडीसारखी चट्टेपट्टेदार, त्यावर कड्यांसारखी वर्तुळं, शेंडा वाकडा, रोप खुजं असं दिसलं तर औषध शोधू नका. विषाणूवर औषध नाही. ते रोप पिशवीत घालून टाका, आणि कितीही लाडकं असलं तरी त्याची फांदी कापून नवं रोप करू नका. फांदीतून विषाणूही येतो. कात्री स्पिरिटनं पुसा. फुलकिड्यांना निळा चिकट सापळा लावतात, दर दोन-तीन कुंड्यांमागे एक पुरतो.

रोग नसलेले रोग

नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर ती बुरशी नाही, लोहाची कमतरता. बाल्कनीच्या कुंड्यांमध्ये प्लास्टरचा, सिमेंटचा चुरा पडत राहिला की माती अल्कधर्मी होते. लोह मातीत असतं, रोपाला घेता येत नाही. चिलेटेड लोह, म्हणजे रोपाला घेता येईल अशा रूपातलं लोह मिळतं, पुडीवरच्या प्रमाणात द्या, आणि वरचा दोन इंच मातीचा थर बदला. सगळी जुनी पानं पिवळी आणि वाढ मंद असेल तर खत कमी पडतंय. पानांच्या कडा करपल्यात आणि कुंडीच्या काठाला पांढरी खपली धरलीय? खत जास्त झालं. दोनदा भरपूर पाणी ओतून ते खालून वाहू द्या. हे फक्त निचरा चांगला असेल तरच.

आजार येऊच नये म्हणून

नर्सरीत रोप निवडताना फुलं बघू नका. फुलं सगळ्यांचीच छान असतात, त्यासाठीच तर ती समोर मांडतात. पान उलटा, बुंधा बघा, पिशवीच्या भोकांतून मुळं पांढरी डोकावतायत का बघा. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास राणीच्या बागेत महापालिकेचं फुलझाडांचं प्रदर्शन भरतं. ते बघून आल्यावर जवळच्या नर्सरीतून पिशव्या भरभरून रोपं आणायचा मोह होतो, मलाही होतो. पण आणलेलं प्रत्येक रोप घरात पंधरा दिवस सोवळ्यात. बाकीच्या कुंड्यांपासून दूर, खिडकीच्या वेगळ्या कट्ट्यावर. एका वर्षी मी हा नियम मोडला आणि एका पिशवीतून आलेल्या पांढऱ्या माशीनं तुळशीसकट सगळी ग्रिल व्यापली. निवड करता आली तर बारीक चिरलेल्या पानांची, शेवंतीपेक्षाही नाजूक पान असलेली जात घ्या. तिला भुरी कमी धरते.

मिश्रणाचं सांगायचं तर दोन भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट, आणि मूठ-दोन मूठ परलाइट किंवा विटांचा बारीक चुरा. सोबत मूठभर निंबोळी पेंड आणि वर सांगितलेलं ट्रायकोडर्मा. नुसतं कोकोपीट भरून देणारे नर्सरीवाले भेटतील, त्यात पाणी दडून बसतं. आठ ते दहा इंची कुंडी, तळाला किमान तीन भोकं. भोकांवर खापरीचा तुकडा उपडा ठेवा.

पाणी सकाळी, बुंध्याशी, माती वरून एक इंच वाळल्यावर. “रोज किती मग?” असं विचारणाऱ्याला काहीच सांगता येत नाही, कारण तेराव्या मजल्यावरची वाऱ्याची बाल्कनी आणि तळमजल्याची सावली यांत दुप्पट-तिप्पट फरक पडतो. बोटाचा अंदाज पंधरा दिवसांत येतो. खत पंधरा दिवसांतून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं), लिटरला दोन ग्रॅम, तेही रोप निरोगी असताना. आजारी रोपाला खत म्हणजे ताप आलेल्या माणसाला पुरणपोळी.

आठवड्यातून एक दिवस ठरवा. माझा रविवार, चहा घेऊन. पाचेक कुंड्या असतील तर दहा मिनिटं. कोमेजलेले गुच्छ खुडायचे, प्रत्येक कुंडीचं खालचं एक पान उलटायचं, एका कुंडीवर कागदाची टिचकी, कुंड्या पाव फेरी फिरवायच्या. पहिला बहर ओसरला की साधारण जानेवारीच्या मध्याला सगळं रोप एक तृतीयांश छाटायचं. बघवत नाही, पण फेब्रुवारीतला बहर त्यामुळेच येतो, आणि जुनी, रोगट पानं आपोआप जातात.

फवारणीबद्दल घरच्या गोष्टी. बाल्कनीत कपडे वाळत असतात, शेजारच्यांचेही. ते काढल्याशिवाय फवारू नका. माशांची टाकी, पक्ष्याचा पिंजरा असेल तर झाका किंवा हलवा. निमतेल संध्याकाळी मारावं असं सगळीकडे सांगतात, उन्हानं पानं भाजू नयेत म्हणून. पण मुंबईच्या दमट रात्रीत पानं सकाळपर्यंत ओली राहतात, आणि एक रोग घालवताना दुसऱ्याला बोलावणं होतं. मी सकाळी सहा-साडेसहाला मारते. ऊन ग्रिलवर यायच्या आत पानं कोरडी होतात. फुलांवर शक्यतो फवारा नको. व्हर्बेनावर फुलपाखरं येतात, आठव्या मजल्यापर्यंतही येतात, आणि त्यांच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. जहाल कीटकनाशकांची बाटली घरात आणूच नये असं माझं मत. पाच कुंड्यांसाठी ती वर्षानुवर्षं मोरीच्या फळीवर पडून राहते आणि घरात लहान मुलं असतात.

मार्चअखेर पारा ३५ च्या पुढे गेला की रोपं खालून वाळत येतात. लोक सावली करतात, दोनदा पाणी घालतात. मी करत नाही. शेवटचे गुच्छ कापून ग्लासात ठेवते आणि कुंड्या रिकाम्या करते. मुळांसकट सगळी रोपं कचऱ्यात. माती गच्चीवर, कॉमन जागा असेल तर सोसायटीला विचारून, पातळ पसरते, ओलसर करते, त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडांना विटा ठेवते. एप्रिल-मेचं गच्चीवरचं ऊन चार ते सहा आठवडे लागलं की मातीतल्या बुरशी आणि सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म जंत) बऱ्याच मरतात. काळं प्लास्टिक नको, पारदर्शकच. त्यातून ऊन आत शिरतं आणि माती जास्त तापते. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आत, ती गोणीत भरून कोरड्या जागी ठेवायची. भरताना गोणीवर मार्करनं लिहून ठेवा कुठली माती आहे ती. माझ्या एका गोणीवर अजून ‘मूळकूज’ लिहिलेलं आहे, आणि दर ऑक्टोबरात ती गोणी बघून मी शेजारच्या काकूंना हाक मारते, ‘या, बोट घालून सांगा’.